इजिप्तचे नकलनवीस

लंडनच्या ब्रिटिश म्यूझियममध्ये नेबामुन नावाच्या एका माणसाच्या थडग्यातील अकरा चित्रखंड आहेत. हा नेबामुन इसवी सनापूर्वी सुमारे १३५० च्या काळात थीब्ज नगरीतील आमेन देवाच्या देवस्थानात धान्याचा हिशेब ठेवणारा कारकून होता. म्हणजे हुद्द्याने काही फार मोठा नव्हे. परंतु त्याच्या थडग्याच्या भिंती ज्या अनामिक चित्रकाराने रंगविल्या त्याचा हात असामान्य होता, आणि लव्हाळ्यांच्या रानात पक्ष्यांवर झडप घालणारे मांजर, मासे व बदके यांनी गजबजलेले बागेतील तळे, मेजवानीत नाचणाऱ्या मुली ही त्याची चित्रे इजिप्तच्या कलेवरील बहुतेक प्रत्येक पुस्तकात आज छापली जातात. इतकी ही प्रसिद्ध चित्रे. पण ती ज्या थडग्यातून आणली ते थडगे कोठे आहे, हे मात्र कोणालाही सांगता येत नाही. ब्रिटनचा कॉन्सल हेन्री सॉल्ट याच्या चाकरीत असलेला जिओव्हान्नी दातानासी नावाचा ग्रीक मनुष्य १८२० च्या सुमारास त्या थडग्यात शिरला, त्याने भिंतींवरचा गिलावा तुकड्यातुकड्यांनी सोडविला, माल विलायतेस रवाना केला, आणि जागेचा ठावठिकाणा अखेरपर्यंत स्वतःपाशीच ठेवून १८५४ साली लंडनमध्ये दारिद्र्यावस्थेत देह ठेवला. कोणते चित्र कोणत्या भिंतीवर होते, त्याच्या वर-खाली काय होते, दरवाजा कोणीकडे होता, यांपैकी कशाचीही नोंद त्याने केली नाही. एक ओबडधोबड आकृती आणि चार ओळींचे टिपण एवढ्यानेही आज काम भागले असते.

याच मुलखात, याच दशकात, दुसऱ्या एका माणसाने नेमके तेवढेच केले. जेम्स बर्टन हा इंग्रज गृहस्थ १८२५ साली राजांच्या खोऱ्यातील एका गाळाने भरलेल्या थडग्यात सरपटत शिरला. पुराबरोबर वाहून आलेली माती आणि दगडगोटे छतापर्यंत साचलेले होते. त्यांतून जेवढी वाट काढता आली तेवढी काढून त्याने खांबांच्या एका मोठ्या दालनासकट काही खोल्यांचा आराखडा कागदावर उतरविला आणि दाराजवळ दुसऱ्या रामेसिसचे नाव कोरलेले आहे अशी नोंद केली. थडग्यात सोने नव्हते, रंगीत भिंती नव्हत्या, दाखविण्यासारखे काहीच नव्हते. पुढे १९०२ साली हॉवर्ड कार्टरने या थडग्याचे तोंड उकलले आणि हे किरकोळ प्रकरण आहे असे ठरवून आपल्या इतर खोदकामांतील माती त्याच्यावर ओतली. दाराचा मागमूसही उरला नाही. ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांनी त्या बाजूचा रस्ता रुंद करण्याचा बेत निघाला, तेव्हा केंट वीक्स यांच्या मोजणी पथकाने बर्टनचा तो जुना आराखडा समोर ठेवून १९८७ साली बुजलेले थडगे पुन्हा शोधून काढले. आणि १९९५ साली खांबांच्या दालनापलीकडचे दार उघडले तेव्हा असे दिसून आले की रामेसिसच्या अनेक पुत्रांसाठी खोदलेले, शंभरांहून अधिक दालनांचे, त्या खोऱ्यातील सर्वांत विस्तीर्ण थडगे ते हेच. बर्टनला त्याच्या महत्त्वाची यत्किंचितही कल्पना नव्हती. त्याने डोळ्यांना दिसले तेवढे मापून ठेवले, आणि मला वाटते, नकलनविसाकडून याहून अधिक काही मागणे हा लोभ होय.

दगड टिकतो आणि कागद नष्ट होतो, हा सर्वसाधारण समज इजिप्तच्या बाबतीत कैक वेळा उलटा ठरलेला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात महंमद अली पाशाच्या अमलात देशभर कारखाने, सरकारी इमारती, कालव्यांचे बांध यांचा सपाटा सुरू झाला, आणि घडीव दगडांची आयती खाण म्हणून जुनी देवळे उपयोगी पडू लागली. चुनखडीचे दगड तर सरळ भट्टीत जाऊन त्यांचा चुना झाला. आस्वानजवळच्या एलिफंटाइन बेटावर तिसऱ्या आमेनहोतेपने बांधलेले एक लहानसे, चहूबाजूंनी खांबांची पडवी असलेले, प्रमाणबद्धतेबद्दल वाखाणले गेलेले देऊळ होते. ते १८२२ साली पाडण्यात आले. आर्मंत येथील क्लिओपात्राच्या काळचे प्रसूतिगृह-मंदिर १८६० च्या सुमारास साखरेच्या कारखान्याच्या पायात गेले. ही दोन्ही देवळे आज आहेत ती कागदावर. आणि तो कागद नेपोलियनबरोबर गेलेल्या फ्रेंच विद्वानांचा आहे.

नेपोलियनने १७९८ साली इजिप्तवर स्वारी केली तेव्हा तोफा आणि घोडदळ यांच्या जोडीला त्याने अभियंते, गणिती, वनस्पतिशास्त्रज्ञ, चित्रकार, मुद्रक असे दीडशेहून अधिक लोक नेले होते. स्वारी फसली, पण या मंडळींच्या श्रमातून १८०९ पासून पुढे अनेक वर्षे प्रसिद्ध होत राहिलेला ‘देस्क्रिप्सिओं द लेजिप्त’ हा प्रचंड ग्रंथ निर्माण झाला. त्यांतील झोल्वा आणि देव्हिलिये हे दोन तरुण अभियंते मुळात नाईलच्या पाण्याची पाहणी करण्यासाठी वरच्या इजिप्तमध्ये धाडलेले होते. वरिष्ठांची नाराजी पत्करून त्यांनी देंदेराच्या देवळातील राशिचक्राची आणि इतर देवळांची मापे घेऊन चित्रे काढली, आणि शिसपेन्सिली संपल्या तेव्हा बंदुकीच्या शिशाच्या गोळ्या वितळवून बोरूच्या नळ्यांत ओतून काम पुढे चालविले. ते राशिचक्र १८२१ साली एका फ्रेंच माणसाने करवत आणि सुरुंगाची दारू वापरून छतातून सोडविले आणि ते पॅरिसला गेले. मूळ छतात ते कसे बसलेले होते हे पाहायचे तर पुन्हा त्या शिशाच्या रेघांकडेच वळावे लागते.

फ्रेंचांच्या या कामाची थोरवी मान्य करूनही त्यातील उणीव झाकण्याचे कारण नाही. इमारतींची मापे घेण्यात ते पटाईत होते. पण चित्रलिपी तोपर्यंत कोणालाच वाचता येत नव्हती, आणि जे वाचता येत नाही ते शेकडो ओळी उतरविताना माणसाचा हात सैल पडतो. कित्येक पट्टांवर भिंतीवरची अक्षरे अशी उतरली आहेत की त्यांतून वाक्य लावू गेल्यास हाती काहीच लागत नाही. दुसरा मोह त्याहून घातक होता. पडझड झालेली देवळे कागदावर पूर्ण उभी करून, त्यांत पुरोहितांच्या मिरवणुकाही चालत्या दाखवाव्यात, अशी त्यांच्यातील काहींना हौस होती. हे पट्ट पाहण्यास सुंदर आहेत आणि पुरावा म्हणून त्यांची किंमत अत्यल्प आहे. कारण कोठे भिंत संपते आणि कोठे चित्रकाराची कल्पना सुरू होते याची सीमारेषाच त्यांत आखलेली नाही.

शांपोल्यों याने १८२२ साली लिपीचे कोडे उलगडले आणि त्यानंतरच्या दशकात थीब्जच्या पश्चिम तीरावर, कुर्ना गावाच्या टेकडीवर, इंग्रज-स्कॉटिश हौशी माणसांचा जो एक विलक्षण मेळा जमला त्याची हकीकत थोड्या विस्ताराने सांगण्याजोगी आहे. यांपैकी कोणीही सरकारी नोकर नव्हता, कोणावर कोणा विद्यापीठाचा हुकूम नव्हता. जॉन गार्डनर विल्किन्सन हा १८२१ साली प्रकृतीसाठी उष्ण हवेच्या शोधात आला आणि बारा वर्षे राहिला. टेकडीच्या कडेला असलेल्या एका जुन्या थडग्याला विटांची पडवी आणि बुरूज जोडून त्याने घर केले. तेथे रात्री मित्रमंडळी जमत, आणि शेकोटीसाठी त्या उजाड मुलखात लाकूड मिळेना म्हणून ममींच्या पेट्यांच्या फळ्या जाळीत, असे सांगतात. ज्या वस्तूंची चित्रे दिवसा काढायची त्यांचेच सरपण रात्री करायचे, यातील विसंगती त्या काळी कोणाला बोचली नसावी. याच विल्किन्सनने १८२७ साली रंगाचे भांडे घेऊन राजांच्या खोऱ्यात फेरी मारली आणि प्रत्येक उघड्या थडग्याच्या दारावर एकापासून एकविसापर्यंत क्रमांक घातले. महसुली खात्यातील सर्व्हे नंबराप्रमाणे हे क्रमांक कायम झाले. नवे थडगे सापडले की पुढचा आकडा त्याला देण्यात येतो, आणि तूतनखामेनचे थडगे बासष्टावे आहे ते या हिशेबाने.

या मेळ्यातील सर्वांत नेटाचा माणूस मात्र रॉबर्ट हे. हा स्कॉटलंडमधील लहानसा जहागीरदार; पूर्वी आरमारात उमेदवारी केलेला. वडीलभाऊ गेल्यामुळे इस्टेट हाती आली आणि ती त्याने इजिप्तमध्ये खर्च केली. १८२४ ते १८३४ या दहा वर्षांत, मधला थोडा काळ वगळता, तो तेथेच होता, आणि त्याने आपल्याभोवती जे कलावंत जमविले त्यांची नावे आज स्वतंत्रपणे प्रसिद्ध आहेत: शिल्पकार जोसेफ बोनोमी, पुढे अरबी भाषेचा महाकोश रचणारा एडवर्ड लेन, आणि मध्य अमेरिकेतील माया संस्कृतीची नगरे चितारून नाव मिळविणारा फ्रेडरिक कॅथरवुड. रॉबर्ट हे स्वतः उत्तम रेखाटन करीत असे, आणि त्याच्या हाती एक यंत्र होते ज्याची रीत समजून घेतल्याशिवाय त्याच्या चित्रांचा विश्वासूपणा नीट ध्यानात यायचा नाही.

या यंत्राला कॅमेरा ल्युसिडा म्हणत. वोलास्टन नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ते काढले. यात छायाचित्राचा संबंध नाही, अंधारी पेटी नाही; टेबलाला चिमट्याने घट्ट बसविलेल्या पितळी दांडीच्या टोकाशी अंगठ्याच्या पेराएवढा एक लोलक असतो, इतकेच. लोलकाच्या कडेवर डोळा असा टेकवायचा की बुबुळाच्या अर्ध्या भागात समोरचे देऊळ दिसावे आणि अर्ध्या भागात खालचा कागद. मग मेंदू ही दोन्ही दृश्ये एकमेकांवर बसवितो आणि देवळाच्या कडा कागदावरच पडल्यासारख्या भासतात. पेन्सिलीने त्यांच्यावरून जायचे. ऐकताना हे पोरखेळासारखे वाटते, परंतु डोळा केसभर हलला तरी सारे चित्र कागदावर सरकते. म्हणून एका अंगावर बसून, मान आखडून, माश्या उठविण्यापुरताही हात न हलविता तासन्‌तास काम करावे लागे. त्यातून जे निघते त्यात चित्रकाराची लकब फारशी राहत नाही. हे याच्या संग्रहातील कुर्ना, कर्नाक, फिले येथील विस्तीर्ण देखावे आजच्या छायाचित्रांशी ताडून पाहिले तर कोणता खांब त्या वेळी उभा होता, वाळू कोठवर चढलेली होती, कोणत्या घराची भिंत देवळाला चिकटलेली होती, हे बिनचूक सांगता येते.

रॉबर्ट हे मायदेशी परतला आणि हा सारा व्याप प्रसिद्ध करण्याची त्याची उमेद एका अपयशातच संपली. १८४० साली त्याने कैरो शहरावरील शिळाछापाचा एक भव्य ग्रंथ काढला, तो खपला नाही, खर्च अंगावर आला, आणि प्राचीन इजिप्तची चित्रे पेटाऱ्यांतच राहिली. त्याच्या मृत्यूनंतर एकोणपन्नास खंडांचे हे दप्तर ब्रिटिश म्यूझियमकडे आणि तेथून आजच्या ब्रिटिश लायब्ररीकडे आले. बर्टनचे त्रेसष्ट खंड त्याच्या भावाने त्याच संस्थेला दिले. विल्किन्सनने मात्र १८३७ साली प्राचीन इजिप्शियन लोकांच्या चालीरीतींवरचा आपला गाजलेला ग्रंथ प्रसिद्ध केला, ‘सर’ ही पदवी मिळविली, आणि त्याच्या टिपणवह्या नात्यातील एका घराण्याच्या वाड्यात अनेक वर्षे पडून राहून अखेरीस ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात दाखल झाल्या. कीर्ती विल्किन्सनला मिळाली हे ठीकच. पण एखाद्या नष्ट झालेल्या भिंतीबद्दल खात्री करून घ्यायची असेल तर आजचा अभ्यासक पहिल्याने हे याच्या खंडांकडे धाव घेतो.

या नकलनविसांचा गौरव करताना त्यांच्या हातून झालेल्या नासाडीचा जमाखर्चही मांडला पाहिजे. जुन्या वस्तू धुंडाळणाऱ्या बेल्झोनीने १८१७ साली पहिल्या सेतीचे थडगे शोधले तेव्हा त्यातील उठावाची चित्रे आणि त्यांवरचे रंग काल दिल्यासारखे ताजे होते. त्याने आणि इटालियन डॉक्टर रिची याने तेथे बसून जलरंगांत शेकडो नकला केल्या, ज्यांतील पुष्कळशा आज ब्रिस्टलच्या संग्रहालयात आहेत; आणि लंडनमध्ये पिकॅडिलीतील सभागृहात त्या दालनांची प्रतिकृती उभारता यावी म्हणून भिंतींवर मेण दाबून छापही घेतले. मेणाबरोबर रंग निघून आला. पुढे ओल्या कागदाचे ठसे घेण्याची टूम निघाली. जाड कागद भिजवून कोरीव भिंतीवर थापायचा, ब्रशाने ठोकून खाचाखोचांत बसवायचा आणि वाळल्यावर सोलून काढायचा. ठसा हुबेहूब मिळतो, कागद हलका असतो, शिवाय परदेशी नेता येतो. दगडावर रंग नसेल तर या पद्धतीत फारसे वावगे नाही, पण रंग असेल तर एका ठशात तीन हजार वर्षांचे काम धुऊन निघते. खुद्द शांपोल्योंनेही १८२९ साली सेतीच्या थडग्यातील दोन उठावशिल्पे कापविली, एक पॅरिससाठी आणि दुसरे फ्लोरेन्ससाठी, आणि त्याच वर्षी स्मारकांची नासधूस थांबवावी असा लेखी अर्ज पाशाला सादर केला. दोन्ही कृत्ये त्याने मनापासूनच केली असावीत. परिणाम असा की त्या थडग्याचे मूळ रूप समजून घेण्यासाठी आज बेल्झोनी, हे, बर्टन यांच्या नकला एकत्र मांडाव्या लागतात.

शतकाच्या मध्यापासून हौशी माणसांची जागा मोहिमांनी घेतली. लेप्सियसच्या नेतृत्वाखालील प्रशियन पथकाने १८४२ ते १८४५ या काळात इजिप्त आणि सुदान पालथे घातले आणि बारा अजस्र खंडांत सुमारे नऊशे पट्ट छापले. १८८२ साली लंडनमध्ये अमेलिया एडवर्ड्‌स या लेखिकेच्या पुढाकाराने इजिप्त एक्स्प्लोरेशन फंड स्थापन झाला, आणि १८९१ साली या संस्थेने बेनी हसनच्या थडग्यांतील चित्रे उतरवून घेण्यासाठी सतरा वर्षांचा एक चित्रकार पाठविला. तो हॉवर्ड कार्टर. भिंतीवर पातळ कागद लावून बाह्यरेषा गिरवायची आणि आतला भाग पुढे इंग्लंडमध्ये काळ्या शाईने भरायचा, अशी तेथील पद्धत होती. पक्ष्याच्या पिसांची किंवा माणसाच्या स्नायूंची नजाकत तिच्यात साफ बुडून जाई, आणि ही गोष्ट कार्टरला मुळीच पसंत पडली नाही. पुढे देर अल-बहरी येथील राणी हातशेपसुतच्या देवळात त्याला मोकळा हात मिळाला, तेव्हा त्याने काढलेल्या रेषा पाहिल्या की त्याचा आक्षेप कळतो.

नकलेचे शास्त्र पूर्णत्वाला नेले ते मात्र अमेरिकनांनी. जेम्स हेन्री ब्रेस्टेड यांनी १९२४ साली लक्सर येथे शिकागो विद्यापीठाचे ठाणे स्थापन केले आणि तिसऱ्या रामेसिसच्या मेदिनेत हाबू येथील देवळाच्या भिंती प्रथम हाती घेतल्या. त्यांची रीत अशी. भिंतीचे मोठे छायाचित्र घ्यायचे. ते घेऊन चित्रकाराने भिंतीपुढे बसायचे आणि छायाचित्रावरच पेन्सिलीने रेषा मारायच्या, म्हणजे मापात चूक होत नाही आणि छायाचित्रात न दिसलेली खाच डोळ्यांना दिसते. मग शाईने रेषा पक्क्या करून छायाचित्र रसायनाने पुसून टाकायचे. पांढऱ्या कागदावर नुसती शाई राहते. या चित्राची नीळछपाई करून तिचे तुकडे कापायचे, ते कोऱ्या कागदांवर डकवायचे, आणि लिपी जाणणाऱ्या एका विद्वानाने ते घेऊन पुन्हा भिंतीपुढे उभे राहून एकेक अक्षर तपासून समासात दुरुस्त्या लिहायच्या. त्याच्यानंतर दुसऱ्या विद्वानाने पहिल्याच्या दुरुस्त्या तपासायच्या. त्यानंतर चित्रकाराने त्या सर्व दुरुस्त्या भिंतीशी ताडून मान्य किंवा अमान्य करायच्या, आणि मतभेद उरलाच तर संचालकाने शिडी चढून निवाडा द्यायचा. रेषेलाही नियम आहेत. सूर्य डावीकडून वरून तळपत आहे असे धरून उठावाच्या आकृतीची उजवी आणि खालची कड जाड काढायची. आकृती आत कोरलेली असेल तर सावली डाव्या आणि वरच्या कडेला पडते, म्हणून जाड रेषा तेथे. फुटलेला भाग फुटलेलाच दाखवायचा. पहिला खंड १९३० साली निघाला आणि काम आजही चालू आहे. एका भिंतीला वर्ष जाते अशी कुरकुर करणारे लोक असतात. त्यांना फ्रेंचांची ती अर्थहीन अक्षरे दाखवावीत.

रेषेने जे साधते ते रंगाच्या बाबतीत साधत नाही, आणि तेथे नीना डेव्हिस या बाईंची गाठ पडते. त्या आणि त्यांचे पती नॉर्मन यांनी कुर्नाच्या परिसरात उभी हयात काढली. जलरंग पारदर्शक असतो, इजिप्तच्या चित्रकाराचा रंग दाट आणि अपारदर्शक. म्हणून त्यांनी अंड्याच्या बलकात कालविलेले रंग वापरले आणि मूळ चित्रकाराने ज्या क्रमाने थर दिले त्याच क्रमाने दिले, म्हणजे आधी पार्श्वभूमी, मग अंगाचा रंग, मग तांबूस बाह्यरेषा. त्यांच्या निवडक एकशेचार नकला १९३६ साली शिकागोहून मोठ्या आकारात प्रसिद्ध झाल्या. त्याच सुमारास अबायडॉस येथे पहिल्या सेतीच्या देवळात एमिस कॅल्व्हर्ली आणि मर्टल ब्रूम या दोघी जणी वर्षानुवर्षे काम करीत होत्या. त्यांच्या चित्रांचे चार खंड निघाले, आणि ब्रूम यांनी आईवडिलांना घरी लिहिलेली पत्रे ऑक्सफर्डच्या ग्रिफिथ इन्स्टिट्यूटमध्ये जपलेली आहेत. नक्कल केली म्हणजे चित्र सुरक्षित झाले असे मात्र समजू नये. आपल्याकडे अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या रॉबर्ट गिल यांनी केलेल्या बहुतेक नकला १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत खाक झाल्या, आणि मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे ग्रिफिथ्स यांनी विद्यार्थ्यांकडून पुन्हा करवून घेतलेल्या नकलांपैकी पुष्कळशा १८८५ साली त्याच शहरात दुसऱ्या आगीत गेल्या.

दप्तरे साठली तरी त्यांत वाट कशी काढायची हा प्रश्न उरतोच, कारण फेरिस्त नसलेले दप्तर आणि बुजलेले थडगे यांत फारसे अंतर नाही. ऑक्सफर्डच्या ग्रिफिथ यांच्या प्रेरणेने बर्था पोर्टर आणि रोझलिंड मॉस या दोन विदुषींनी ही फेरिस्त तयार केली, तिचा पहिला खंड १९२७ साली निघाला. तिची मांडणी साधी आहे. प्रत्येक थडग्याचा लहान आराखडा, त्यात प्रत्येक भिंतीला क्रमांक, आणि त्या क्रमांकापुढे ती भिंत आजवर कोणी उतरविली त्याची यादी: छापील पुस्तके, त्यांमागोमाग हे याचा अमुक खंड अमुक पान, विल्किन्सनची अमुक वही. मॉसबाईंनी शंभरीला टेकेपर्यंतच्या आयुष्याचा मोठा भाग या एका कामात घातला. इजिप्तविषयक संशोधनात चमकदार सिद्धान्त मांडणारे पुष्कळ झाले, पण रोज ज्याचे ऋण काढावे लागते असे काम या फेरिस्तीचे आहे, आणि ग्रंथाचे नाव मागे पडून ‘पोर्टर-मॉस’ एवढेच शिल्लक राहिले आहे.

ज्याने बर्टनचे थडगे मातीखाली घातले तोच कार्टर १९२२ च्या नोव्हेंबरात तूतनखामेनच्या दाराशी उभा राहिला, आणि तेथे त्याने ज्या धीराने नोंदी केल्या त्या पाहून मागचे बरेच विसरावेसे वाटते. वस्तू हलविण्यापूर्वी तिच्यावर क्रमांकाचे कार्ड ठेवायचे. हॅरी बर्टन या छायाचित्रकाराने जागच्या जागी तिचे छायाचित्र घ्यायचे. हॉल आणि हाउझर या नकाशानविसांनी तिची जागा आराखड्यात मांडायची. मग ती दुसऱ्या सेतीच्या रिकाम्या थडग्यात उभारलेल्या प्रयोगशाळेत न्यायची. क्रमांक २१ ची रंगीत पेटीच घ्या. बाहेरून तिच्यावर युद्धाची आणि शिकारीची चित्रे, आत वर गवताच्या वहाणा, खाली मण्यांनी आणि सोन्याच्या टिकल्यांनी मढविलेली राजवस्त्रे एकावर एक कोंबलेली. वरून कापड शाबूत दिसे, पण बोट लागताच त्याची राख होई आणि दोरा कुजल्यामुळे मणी सुटून खाली पडत. ही एक पेटी रिकामी करण्यास तीन आठवडे लागले. कारण प्रत्येक थरावर हात थांबवून मण्यांच्या ओळी कशा आहेत, निळ्यानंतर कोणता, किती अंतरावर टिकली, हे आधी कार्डावर काढायचे आणि मगच तो थर उचलायचा. कापड गेले तरी नक्षी राहिली ती एवढ्यामुळे. अशी कार्डे लिहिता लिहिता दहा वर्षे लोटली. कार्टरने सामान्य वाचकांसाठी तीन खंड लिहिले, पण योजलेला शास्त्रीय ग्रंथ त्याच्याकडून झाला नाही, आणि १९३९ साली तो वारला. पुतणीने सारे कागद ग्रिफिथ इन्स्टिट्यूटला दिले. तेथे ती कार्डे, रोजनिश्या आणि छायाचित्रे एकत्र लावून सर्वांना पाहता येतील अशी इंटरनेटवर खुली करण्यात आली. शास्त्रीय ग्रंथाची जागा आज ही कार्डेच चालवीत आहेत.

या सगळ्या हकीकतीत इजिप्शियन माणूस बहुधा टोपली वाहताना दिसतो, आणि हे चित्र अपुरे आहे. उत्खननाच्या कामात वाकबगार म्हणून क्विफ्त गावचे लोक उत्खननकार पेट्री याच्या काळापासून प्रसिद्ध होते. अमेरिकन संशोधक जॉर्ज राइस्नर याने गिझा आणि सुदान येथील आपल्या मोहिमांत याच गावच्या माणसांना मोजणी, नोंदणी आणि छायाचित्रण शिकवून तयार केले, आणि त्यांच्या रईसांकडून, म्हणजे मुकादमांकडून, तो अरबीत स्वतंत्र रोजनिशी लिहवून घेत असे. सईद अहमद सईद हा त्यांच्यातला मुख्य रईस. आज कोणत्या शाफ्टमध्ये उतरलो, किती खोल गेलो, मडके कोणत्या कोपऱ्यात कसे पडले होते, असे रोजच्या रोज लिहून शेजारी शाईने लहानशी आकृती काढलेली. अशा सत्तरांहून अधिक वह्या राइस्नरच्या मृत्यूनंतर या मुकादमांच्या वंशजांच्या घरी पडून होत्या आणि चालू शतकातच बाहेर आल्या. इंग्रजी रोजनिश्या कैक वर्षांपूर्वी अभ्यासल्या गेल्या. या अरबी वह्यांचे वाचन आणि भाषांतर करून त्या इंग्रजी नोंदींशेजारी मांडण्याचे काम आता हार्वर्ड आणि बोस्टन येथे हाती घेण्यात आले आहे. भिंतीशी किंवा खड्ड्यात दिवसभर प्रत्यक्ष असत ते हे मुकादम, मुख्य साहेब सायंकाळी तंबूत बसून लिहीत. तेव्हा दोन नोंदी जेथे जुळणार नाहीत तेथे मी तरी आधी अरबी वही उघडीन.